टेक्निकल आण्णा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या स्टँडसमोर चहाचं हॉटेल असतं, हॉटेलात एक बाकडं असतं आणि त्या बाकड्यावर पेपर पहिल्यांदा उघडायचा मान असलेला एक माणूस असतो. शाळा जेमतेम सातवीपर्यंत, पण इंग्रजी शब्दांवर भारी जीव. वाक्य मराठीच बोलणार. मात्र त्यात एक इंग्रजी शब्द असा मधोमध आणून बसवणार की बाकीच्या शब्दांनी सरकून त्याला जागा करून द्यावी. दुसऱ्या गावात हा माणूस तात्या असेल, नाना असेल. गगनबावड्यात तो आण्णा.

बावड्याच्या आण्णांचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी आपले शब्द टीव्हीवरून उचललेले नाहीत. ते बांधकाम खात्यात मुकादम होते. सगळी नोकरी करूळ घाटाच्या वळणांवर गेली. साहेब गाडीतून उतरायचे, खचलेल्या कडेकडे बोट दाखवून काहीतरी बोलायचे, आणि मागे छत्री धरून उभ्या असलेल्या आण्णांच्या कानात एक शब्द पडायचा. साहेब बदलून गेले, शब्द राहिले. कुठला शब्द कुणाकडून आला, हे आण्णा आजही सांगतात. ‘लेव्हल’ मिरजेच्या एका जेईंचा. ‘एस्टिमेट’ एका जाड्या डेप्युटीसाहेबांचं. ते गाडीतून खाली उतरत नसत, काचेतूनच एस्टिमेट करत. ‘प्रॉपर’ कुणी दिला ते मात्र आठवत नाही. तो साऱ्या महाराष्ट्राचाच आहे. दोन मराठी माणसं एस.टी.त शेजारी बसली की तिसऱ्या मिनिटाला एक दुसऱ्याला विचारतो, “प्रॉपर कुठलं म्हणायचं तुम्ही?” आणि दुसरा ‘प्रॉपर’ नावाचं गाव जणू लहानपणापासून पाहिल्यासारखा उत्तर देतो.

या सगळ्यात आण्णांचा लाडका शब्द टेक्निकल.

“आण्णा, सांगशीची गाडी का आली न्हाई वो?”

“टेक्निकल हाय, मावशी.”

मावशी पिशवी खाली ठेवते आणि बसते. आता हेच मराठीत सांगून बघा. ‘ड्रायव्हर आला नाही’ म्हटलं की मावशी विचारणार, का आला नाही? बरं नाही? कालपर्यंत तर धडधाकट होता. मग दुसरा का नाही पाठवला? पंधरा मिनिटांत प्रकरण त्या ड्रायव्हरच्या सासुरवाडीपर्यंत पोचणार. मराठी कारणाला शेपूट असतं, ते धरून माणूस आत शिरतो. टेक्निकलला धरायला काही नाही. गुळगुळीत. आण्णांना इंग्रजी आवडतं ते रुबाबासाठी, असं पुष्कळांना वाटतं. रुबाब थोडा आहेच. पण खरी गोडी ही, की इंग्रजी शब्द टाकला की पुढचा प्रश्न बंद होतो.

ही सोय त्यांनी घरातही आणली. पुतण्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा मानपान, मध्यस्थ, मुलीच्या मामाने काढलेली कुरापत यांतलं एक अक्षर बाहेर गेलं नाही. “टेक्निकल अडचण आली” एवढ्यावर भावकी गप्प झाली. गुडघा दुखतो तोही टेक्निकल. ग्रामपंचायतीला एकदा उभे राहून पडले, त्याबद्दल आजही म्हणतात, “मतं त्यास्नी जास्त पडली, त्यात वाद न्हाई. पण टेक्निकली आपुनच निवडून आलोय.”

दुसरा शब्द टेंपररी. सरकारी कागदावर त्याचा अर्थ तात्पुरता. आण्णांच्या अनुभवात मात्र टेंपररी म्हणजे टिकाऊ. पुरात वाहून गेलेल्या मोरीच्या जागी दोन पाइप टाकून केलेली टेंपररी वाट माणसाच्या निवृत्तीपर्यंत टिकते. गाजावाजा करून, नारळ फोडून केलेलं परमनंट काम पहिल्या पावसात खाली कोकणात उतरतं. “परमनंट हितं काय हाय?” आण्णा विचारतात आणि स्वतःच बाहेर हात दाखवतात. बाहेर पाऊस असतो.

पावसाबद्दल बोलायला गगनबावड्याचा माणूस सहजी थांबत नाही, तर मीही थोडा वेळ घेतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा तालुका. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस घेतो. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पेपरात रोज तालुकावार पावसाचा तक्ता येतो, आणि त्यात गगनबावडा बहुधा वरच असतो. आण्णा तो तक्ता परीक्षेच्या निकालासारखा वाचतात. एखाद्या दिवशी दुसरा कुठला तालुका पुढे गेला तर त्यांचा चेहरा उतरतो. “मोजणाराची मिष्टेक,” म्हणतात आणि पान उलटतात. इंच गेले, मिलिमीटर आले, याचा त्यांना मनापासून आनंद आहे, कारण इंचात आकडा लहान दिसायचा.

मिलिमीटरहून मोठा मान क्युसेकला. कोल्हापूर जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये हा शब्द शेंबड्या पोराच्याही तोंडी असतो. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक. सात दरवाजे, आणि कितवा उघडला यावर पैजा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण अठ्ठावीस लिटर. म्हणजे एका दरवाज्यातून सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी सुटतं. पण हा हिशेब आण्णांना सांगितला तर ते नाराज होतात. लिटर दुधाला असतात, रॉकेलला असतात. पुराला क्युसेक. पंचगंगेची इशारा पातळी एकोणचाळीस फूट, धोका पातळी त्रेचाळीस, आणि २०२१ च्या जुलैत पाणी छप्पन्न फुटांच्याही वर गेलं होतं, हे इथल्या माणसाला नातवंडांच्या वाढदिवसांहून पक्कं पाठ असतं. फुटांची भीती वाटते. क्युसेक म्हणताना मात्र प्रत्येकाच्या आवाजात थोडी मौज उतरते. त्या ‘क्यु’वर ओठांचा चंबू होतो, त्याचाही तो परिणाम असेल.

आता गंमत बघा, हे सगळं बावड्यात चाललंय. बावडा म्हणजे पंत अमात्यांची जहागीर. त्या घराण्याच्या रामचंद्रपंतांच्या नावावर असलेलं ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचं. त्यात टोपीकरांविषयी स्वच्छ इशारा आहे: व्यापाराला आले तर येऊ द्या, पण खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी जागा देऊ नका, एकदा जागा धरली की हे लोक सोडणारे नव्हेत. पंतांनी वखारींचा विचार केला, किल्ल्यांचा केला, आरमाराचा केला. शब्दांचं कलम घालायचं राहिलं. टोपीकर गेले, त्यांचे शब्द घाट चढून वर आले आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात जागा धरून बसले. खाली कोल्हापुरात राजाराम कॉलेजात माधव ज्यूलियन शिकवत होते, ते तर भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते. त्या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिलं. आडनाव घरचं पटवर्धन. पण टोपणनाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनाही ज्यूलियनच गोड वाटलं. हे मी आण्णांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, “मग? माणसाला एकतरी लागतोयच की.”

आण्णांचे खरे सोन्याचे दिवस आले ते २०२४ साली. त्या जानेवारीत करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि वर्षभर बंदच राहिला. कोकणात उतरायचं तर भुईबावडा, नाहीतर पार फोंडा. पाट्या लागल्या होत्या, पण पाटी वाचून पुढे जाईल तो मराठी माणूस कसला. गाडी थांबायची, काच खाली यायची. आण्णा बाकड्यावरून उठायचे, धोतराचा सोगा सावरायचे आणि म्हणायचे, “करूळ टोटल क्लोज. डायव्हर्जन घ्या. व्हाया भुईबावडा.” तीन वाक्यं, चार इंग्रजी शब्द. गाडीवाला “थँक्यू काका” म्हणायचा. निवृत्त झालेल्या मुकादमाच्या एका शब्दावर रोज शेकडो गाड्या वळत होत्या. नोकरीत असताना एवढं चाललं नव्हतं.

त्यांची नात इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. ती म्हणाली, “आबा, डायव्हर्जन नाही, डायव्हर्शन.”

“शाळंत म्हणत असतील,” आण्णा म्हणाले. “साईटवर डायव्हर्जन.”

या नातीमुळेच पुढचा प्रसंग घडला. जुलैतला दिवस. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलेलं, त्यामुळे कोल्हापूरच्या गाड्या थांबलेल्या; त्यांतल्याच एका गाडीने परतायला निघालेला मी हॉटेलात अडकलेलो. रेड अलर्ट म्हणून शाळांना सुट्टी, पण होमवर्क मोबाईलवर आलेला: माझा आवडता इंग्रजी शब्द, पाच ओळी, सोबत चित्र. नात मोबाईल घेऊन आण्णांकडे आली. आण्णांनी मजकूर दोनदा ऐकला, चष्मा काढला, पुसला, आणि सगळ्या हॉटेलला उद्देशून म्हणाले, “टेंडर काढू.”

पहिलं टेंडर दूध संस्थेच्या सेक्रेटरीचं. “फॅट,” तो म्हणाला. यात विनोद नव्हता. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅट आणि नऊ एसएनएफ धरून ठरतो. पॉइंट खाली आला की पैसे खाली. अंगठा उठवणारी म्हातारीसुद्धा डेअरीच्या खिडकीत उभी राहून दशांशात भांडते. कोल्हापुरात रंकाळ्यावर माणसं पहाटे धापा टाकत पळतात, ती अंगातली फॅट उतरावी म्हणून. त्याच वेळी इकडं ती चढावी म्हणून म्हशीपुढं सरकीची पेंड ठेवलेली असते. एका जिल्ह्यात एका शब्दाची अशी दोन गिऱ्हाइकं. “फॅट लागली की घरात शांतता ऱ्हाती,” सेक्रेटरी म्हणाला, आणि हॉटेलातल्या बऱ्याच माना हलल्या.

अडकलेल्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “फॉग.” मग त्याने किस्सा सांगितला. गगनगडाच्या रस्त्याला पुण्याची एक गाडी उभी. मठात दर्शनाला निघालेलं कुटुंब. बाप पोराला म्हणतोय, बघ केवढा फॉग आहे. ड्रायव्हर उतरून गाडीच्या पुढे जाऊन वाकून बघून आला आणि म्हणाला, “साहेब, कुठं हाय? तुमच्या गाडीला फॉगच न्हाई.” घाटात गाडी हाकणाऱ्याला फॉग म्हणजे बंपरखालचा पिवळा दिवा. जे बाहेर पसरलेलं असतं ते धुकं. धुक्यात फॉग लावायचा असतो. पुण्याच्या साहेबाला हे शेवटपर्यंत पटलं नाही, आणि ड्रायव्हरलाही साहेबाचं शिक्षण कितपत झालंय याची शंका राहिली.

कंडक्टरने ‘डबल बेल’ सुचवला. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्याचं म्हणणं, दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, सुट्ट्या पैशांवरून शिव्या खायच्या, पण दोन टोले दिले की एवढी मोठी गाडी आपल्या हुकमाने हलते. “घरात चार बेल दिल्या तरी कोण हलत न्हाई.”

कोपऱ्यात मोबाईलवर मान घालून बसलेलं एक पोरगं न बघताच म्हणालं, “हार्ड. विषय हार्ड.” कोल्हापूरकडे सध्या चांगल्या गोष्टीला हाच शब्द. बैल हार्ड, गाडी हार्ड, मिसळ हार्ड, आज्जीही हार्ड.

इथे आण्णांना राहवलं नाही. हार्ड हा त्यांच्या खात्यातला शब्द. खोदाईच्या मोजमापात मुरूम वेगळा, सॉफ्ट रॉक वेगळा, हार्ड रॉक वेगळा. प्रत्येकाचा दर निराळा. मऊ मुरूम एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, हार्ड रॉक म्हणून लिहिला तर चौकशी लागते. “हार्ड असं तोंडानं म्हणून हुईत न्हाई, बाळा,” ते म्हणाले. “एमबीत चढावं लागतंय. मोजमाप घेतलंस का मिसळीचं?” पोराने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, “आण्णा, विषय हार्ड.” आण्णांना हा होकार वाटला.

एवढ्यात वहिनी नातीला न्यायला आल्या. डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, तिच्यावरून पाणी गळतंय. हॉटेलात पाऊल न टाकता दारातूनच त्यांनी विचारलं, “आमचं मिस्टर हाईत का आत?”

आण्णा समोरच बसले होते. वहिनींना दिसतही होते.

मला विचाराल तर टेंडर तिथंच संपायला हवं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्यांचा. लग्नकार्यात उखाण्यातून एकदा काय ते नाव यायचं, तेही सगळ्यांनी अडवून धरल्यावर. बाकी जन्मभर ‘हे’, ‘अवं’, ‘घरातली’, ‘पोराचं बाबा’ अशा आडवाटांनी कारभार. रेशनकार्डावर, दवाखान्यात, बँकेच्या खिडकीत बाईची पंचाईत. आणि मग कुठूनसा हा मिस्टर आला. नाव नाही, पण नावाच्या आधीचा मान आहे. गोऱ्यांच्या देशात मिस्टरच्या पुढं आडनाव लागतं. आमच्या बायकांनी आडनाव कापून टाकलं आणि नुसता मिस्टर ठेवून घेतला. एवढं अचूक काम एखाद्या परिभाषा समितीला जमलं नसतं. शेतात भात लावणाऱ्या बाईपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना चालतो, रुसवा-फुगवा आला तरी चालतो. “मिस्टरांस्नी सांगा, चहा आता पुरे.” आण्णा समोर बसून हे ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

पण वहिनींनी टेंडर भरलं नव्हतं, म्हणून तो शब्द विचारात घेतला गेला नाही. सरकारी पद्धत.

मग मला राहवेना. मी म्हटलं, असं टेंडर जगातसुद्धा निघालं होतं. २००४ साली ब्रिटिश कौन्सिलला सत्तर वर्षं झाली, म्हणून त्यांनी १०२ देशांतल्या चाळीस हजारांवर लोकांना विचारलं, ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशांना, की सगळ्यात सुंदर इंग्रजी शब्द कुठला.

“आपल्याकडं कोण आलंतं का?” आण्णांनी सेक्रेटरीला विचारलं. सेक्रेटरीने नाही म्हणून मान हलवली. “मग ते प्रॉपर न्हाई. बरं, कुठला आला?”

“पहिला मदर.”

हॉटेलात सगळ्यांना पटलं.

“मग पॅशन, स्माइल, लव्ह, इटर्निटी.”

हे कुणालाच पटलं नाही. आण्णा म्हणाले, “आणि फादर?”

“फादर नाही. सत्तर शब्दांच्या यादीत कुठंच नाही.”

आण्णा थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “टेक्निकल असंल.”

त्या यादीत अंब्रेलाही आहे, आणि कांगारू पण, असं मी पुढं सांगत होतो. पण तेवढ्यात नातीने मूळ कामावर बोट ठेवलं. “आबा, टेक्निकल लिहू का मी?”

आण्णांचा चेहरा उजळला. इतक्या टेंडरांत कुणीतरी त्यांचा शब्द उचलला होता.

“लिही की.”

“पण पाच ओळी लिहायच्यात. टेक्निकल म्हणजे काय?”

सेक्रेटरीने हातातला पेपर खाली केला. कंडक्टर पुढं सरकला. इतक्या वर्षांत हा प्रश्न आण्णांना कुणी विचारला नव्हता. तो विचारता येऊ नये म्हणूनच तर तो शब्द होता. आण्णांनी घसा साफ केला, नातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“ते असं सांगता येत न्हाई, बाळ,” ते म्हणाले. “ते टेक्निकल हाय.”

तिसरीतल्या मुलीला हे पाच ओळींत बसवणं अवघड होतं. तिने माझं अर्धवट राहिलेलं वाक्य उचललं आणि वहीत अंब्रेला लिहिलं. स्पेलिंग येत होतं, चित्रही सोपं: एक अर्धगोल, एक काठी, खाली वळण.

आण्णांना हे अजिबात रुचलं नाही. साहेबांच्या मागं छत्री धरण्यात हयात गेलेला माणूस. छत्री या वस्तूविषयी त्यांचं मत अनुभवाचं होतं. घाटावरचा पाऊस वरून येत नाही, तो आडवा येतो, कधी दरीतून वर येतो. छत्री दोन मिनिटांत उलटी होते आणि साहेब धरणाऱ्यावर ओरडतो. ज्या कुणी अंब्रेलाला मत दिलं, त्यांनी जुलैत एकदा करूळ घाटात उभं राहून दाखवावं, असं त्यांनी जाहीर केलं. “तीनशे मिलिमीटरात छत्री? काय दाखवाय लागलीयास शाळंला? बावड्याचं नाव जाईल.” त्यांनी पेन्सिल घेतली, अर्धगोल खोडला आणि तिथं इरलं काढून दिलं: बांबूच्या कामट्या, वर पानांचं आवरण, त्याखाली वाकून रोप लावणारी बाई. मुकादमाचा हात, कामट्यांमधलं अंतर सारखं. खाली नातीने लिहिलं, अंब्रेला. पाच ओळी तिच्या तिनंच लिहिल्या, शेवटची अशी की आमच्या गावात अंब्रेला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत असते.

पुढं मांडुकलीचं पाणी उतरलं, गाड्या सुटल्या, शाळा भरली. नंतर कधीतरी कोकणात उतरताना मी हॉटेलात थांबलो तर आण्णांनी काही न बोलता वही पुढं केली. ती त्यांनी नातीकडून मागून आणली होती आणि बाकड्यावर पेपराखाली ठेवली होती. बाईंनी इरल्याच्या चित्रावर लाल शाईने बरोबरची खूण केली होती आणि बाजूला गुड.

“म्हणजे मंजूर झालं म्हणायचं,” मी म्हटलं.

“मंजूर न्हवं,” आण्णा म्हणाले. “सँक्शन.”